दुखणाऱ्याचा शब्द

ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या अस्थिरोग विभागांत एक वाक्य नेहमी कानी पडते: हाड छान जुळले आहे, आता दुखायचे काही कारण नाही. तोच माणूस घरी परतला की दुसरे वाक्य ऐकतो: भोग आहेत, भोगूनच संपवायचे. पहिले वाक्य विज्ञानाच्या नावाने बोलले जाते, दुसरे धर्माच्या. एक म्हणते दुखणे नाहीच. दुसरे म्हणते आहे, पण त्यावर इलाज शोधण्यात अर्थ नाही. वरवर पाहता ही दोन टोके. तरीही मनगट मोडून चार महिने उलटलेल्या आणि अजून त्या हाताने पोळी लाटता न येणाऱ्या बाईवर दोन्हींचा परिणाम एकच होतो: ती दुखण्याविषयी बोलायचे सोडून देते. माझे म्हणणे असे की या दोन वाक्यांच्या मुळाशी एकच चूक आहे आणि ती दयामायेची नाही, ज्ञानाची आहे. दुखण्याचा पुरावा दुखणाऱ्याच्या बाहेर कुठेतरी असायलाच हवा, एक्स-रेच्या फिल्मवर नाहीतर पत्रिकेत, असे दोघेही धरून चालतात. ही चूक आपण परंपरेच्या माथी मारतो, पण न्यायदर्शन, आयुर्वेदाच्या संहिता आणि बुद्धाची वचने नीट वाचली तर तिला तिथे थारा मिळत नाही.

या पट्ट्यात दुखापतींना तोटा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला भिडले आणि इथल्या लोकांची पोटापाण्याची वाट लोहमार्गावरून जाऊ लागली. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. काही गेले, काही जखमी झाले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. बारा जणांचा जीव गेला, शंभरावर लोक जखमी झाले आणि त्यांतल्या कित्येकांना आजूबाजूच्या इमारतींच्या फुटलेल्या काचा लागल्या होत्या. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट. शिवाय घोडबंदर रस्ता, कल्याण-शीळ रस्ता, पावसाळ्यातले खड्डे, भिवंडीचे यंत्रमाग हे सगळे बारमाही चालूच. अशा अपघातांची बातमी मृतांच्या आकड्यावर चालते. जखमींचा आकडा दुसऱ्या वाक्यात येतो आणि तिसऱ्या दिवशी नाहीसा होतो. व्यवस्थेचेही तसेच. स्वतः रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावलेले समीर झवेरी यांनी जखमींच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात झुंज दिली, आणि अशा प्रयत्नांमधूनच स्थानकांवर तातडीच्या उपचारांची सोय, रुग्णवाहिका, पहिल्या तासाचे महत्त्व या गोष्टी निदान चर्चेत तरी आल्या. पहिल्या तासाविषयी आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. तिसऱ्या महिन्याचा मात्र कोणी वाली नाही. टाके काढलेले, प्लास्टर उतरलेले, कागदोपत्री माणूस बरा झालेला. आणि हाताला चादरीचा स्पर्शही सोसवत नाही.

या दुखण्याचा इतिहास जुना आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार करताना सायलस विअर मिचेल या डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८६४ मध्ये त्याचे तपशीलवार वर्णन लिहिले. जखम भरलेली, पण हाताची आग थांबत नाही. काही सैनिक तो हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवीत. पुढे त्याला वेगवेगळी नावे मिळाली आणि १९९४ मध्ये वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’, म्हणजे सीआरपीएस, हे नाव ठरवले. मनगट किंवा घोटा मोडल्यावर, शस्त्रक्रियेनंतर, कधी नुसत्या मुक्या मारानंतरही ते सुरू होते. दुखापतीच्या मानाने कळ कितीतरी जास्त. हात सुजतो, त्याचा रंग लाल-निळा पालटतो, दुसऱ्या हातापेक्षा तो गरम किंवा गार लागतो, त्याला वेगळाच घाम येतो, नखे आणि केस वेगळे वाढतात, बोटे आखडतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये याचे प्रमाण बरेच अधिक आहे. हाडाने आपले काम केलेले असते. बिघाड असतो तो मज्जातंतूंत, तिथल्या दाहात, आणि पाठीचा कणा व मेंदू त्या संवेदनेला ज्या रीतीने वाढवून घेतात त्यात. एक्स-रे हाडाचा असतो, त्याला हे विचारलेलेच नसते. आता महत्त्वाची गोष्ट: याच्या निदानाला पक्की अशी एकही प्रयोगशाळेची चाचणी नाही. बुडापेस्टमध्ये २००३ साली झालेल्या बैठकीतून आलेले निकष जगभर वापरतात. त्यांत रुग्ण काय सांगतो हे एक अंग आहे आणि डॉक्टरला डोळ्यांनी, हाताने काय आढळते हे दुसरे. त्याशिवाय, दुसऱ्या कोणत्याही आजाराने हे सगळे अधिक नीट उलगडत नसले पाहिजे. अपघातानंतर उरलेले प्रत्येक दुखणे सीआरपीएस नसते हेही इथेच सांगायला हवे. कधी हाड वाकडे जुळलेले असते, कधी आत जंतुसंसर्ग असतो, कधी एखादा मज्जातंतू तुटलेला किंवा दबलेला असतो, कधी सांधाच आखडलेला असतो. त्यांचा शोध आधी घ्यायचा. पण शोध घ्यायला निघण्यासाठीसुद्धा दुखते आहे हे आधी मानावे लागते.

मानायचे कशाच्या आधारावर, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि भारतीय दर्शनांनी तो प्रमाणांच्या चर्चेत फार बारकाईने हाताळला आहे. न्यायमतानुसार सुख-दुःख ही आत्म्याची लक्षणे, त्यांचे प्रत्यक्ष ज्ञान मनाला होते आणि ज्याचे मन त्यालाच होते. दुसऱ्याला ते अनुमानाने किंवा शब्दाने कळणार. हा शब्द म्हणजे ऐकीव गप्पा नव्हे, ते स्वतंत्र प्रमाण आहे, आप्ताचा शब्द. आप्त कोण, याचे उत्तर देताना वात्स्यायनाने न्यायभाष्यात ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जो जाणल्याप्रमाणे सांगू इच्छितो, तो आप्त असे म्हटले आहे; आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते असेही बजावले आहे. पदवी, कूळ, वय यांचा संबंध नाही. मग या हाताच्या ठणक्याबाबत साक्षात जाणणारा आप्त कोण? रेडिओलॉजिस्ट नाही, सासूबाई नाहीत, ज्योतिषी तर नाहीच. तो हात ज्याचा आहे तोच. वैद्यकाने हे ओळखलेले होते. सुश्रुताने सूत्रस्थानात रोग जाणण्याचे सहा उपाय सांगितले: पाच इंद्रिये आणि सहावा प्रश्न. विचारून काय जाणायचे त्या यादीत वेदना किती चढते हेही आहे. ज्या ग्रंथाचा शल्यक्रियेसाठी आपण जागोजाग अभिमान मिरवतो, त्यातली ही साधी गोष्ट मात्र बाह्यरुग्ण विभागाच्या दारातच राहून जाते. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली तेव्हा वेदना नेहमी व्यक्तिगत असते आणि माणसाने आपल्याला वेदना आहे असे सांगितले तर त्याचा मान राखावा, अशा टीपा तिला जोडल्या. नैयायिकाला त्यात नवीन काही वाटले नसते.

इथे पहिला आक्षेप येणार आणि तो खोटा नाही: माणसे दुखण्याचे सोंग करतात. भरपाईसाठी करतात, रजेसाठी करतात, घरातल्या कामातून सुटण्यासाठीही करतात. रेल्वे कायद्यानुसार गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ती ८ लाख रुपये आहे आणि जखमांसाठी एक परिशिष्ट आहे, ज्यात कोणता अवयव कुठून तुटला, कोणते हाड मोडले यांची जंत्री दिलेली आहे. जंत्रीत न बसणाऱ्या वेदनेसाठीही नियमात जागा आहे, पण किती द्यायचे ते न्यायाधिकरणाने वैद्यकीय पुरावा पाहून ठरवायचे. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत. दीर्घकाळची वेदना हा त्यांतला वेगळा प्रकार नाही. कायद्याला मोजण्याजोगे काहीतरी हवे असते, हे मला समजते. आप्ताच्या लक्षणातही सांगणाऱ्याची इच्छा खरी असावी अशी अट आहेच. पण या आक्षेपातून निघते ते इतकेच की शब्द तपासून घ्यावा. शब्द फेकून द्यावा, हे त्यातून निघत नाही. डोळ्यांनाही मृगजळ दिसते म्हणून आपण प्रत्यक्ष प्रमाण रद्द केलेले नाही. आणि तपासायची रीतही परंपरेत सापडते. गौतमाच्या न्यायसूत्रांत दुःखाचे लक्षण बाधा असे दिले आहे: जे अडवते ते दुःख. म्हणून किती दुखते या प्रश्नावर थांबू नये, दुखण्याने काय काय अडले ते विचारावे. शर्टाची बटणे लावता येतात का, लोकलचा हँडल धरता येतो का, भांडे विसळताना पाण्याची धार सोसवते का, रात्री किती वेळा जाग येते. फिजिओथेरपिस्ट आज नेमके हेच विचारतात आणि दर भेटीत पुन्हा विचारून ताडून पाहतात. सोंग करणारा अशा प्रश्नांत फार काळ टिकत नाही. शिवाय सूज, तापमान, घाम, रंग यांचे सोंग आणायचे तरी कसे? दहा खोट्यांना दूर ठेवण्यासाठी शंभर खऱ्यांना खोटे ठरवणारी व्यवस्था चोख वाटते, पण तिच्या हातून खोटा सुटतोच आणि खरा खचतो.

आता भोगांकडे वळू. अपघात झाला तो प्रारब्धाने, दुखणे उरले तेही प्रारब्धाने, असे म्हणणाऱ्याला वाटते की तो कर्मसिद्धान्ताचा आदर करतो आहे. बुद्धाला हाच प्रश्न एका परिव्राजकाने विचारला होता. संयुत्तनिकायातल्या वेदनासंयुत्तात मोळियसीवक विचारतो की माणसाला जे काही सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्माने होते असे काही जण म्हणतात, ते खरे काय. बुद्ध उत्तरात आठ कारणे मोजतो: पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, शरीराची अयोग्य हाताळणी, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. सगळे काही कर्मावर घालणारे लोक जे स्वतःला कळते आणि जे जगाला खरे म्हणून ठाऊक आहे त्याच्या पलीकडे धाव घेतात, असा त्याचा निर्वाळा आहे. यादीत आघात वेगळा मोजलेला आहे हे लक्षात घेण्याजोगे. चरकसंहितेत विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, जिथे जनपदेच्या जनपदे एकाच वेळी कशी उद्ध्वस्त होतात याची चर्चा आहे, शिष्य अग्निवेशाला अडचण पडते: प्रकृती, आहार, वय सगळे निरनिराळे असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी मरतात? गुरू आत्रेयांचे उत्तर असे की माणसे वेगळी असली तरी हवा, पाणी, भूमी आणि काळ सर्वांना सामाईक असतात, ते बिघडले की हे घडते. आणि त्या बिघाडामागे अधर्म असतो, ज्यात देशाचा आणि नगराचा कारभार पाहणाऱ्यांचाही अधर्म येतो. बारा निरनिराळ्या पत्रिका एका स्फोटात संपतात तेव्हा हे उत्तर आठवावे. पत्रिकांत साम्य शोधण्यापेक्षा कारखान्याच्या रिॲक्टरमध्ये काय होते हे शोधणे चरकाला अधिक मानवले असते. त्याच अध्यायात पुढे दैव आणि पुरुषकार यांचा विचार येतो: सगळेच जर ठरलेले असते तर औषधे, पथ्ये, सावधगिरी यांची कोणाला गरजच पडली नसती, दुबळे दैव बलवान प्रयत्नापुढे हटते. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाचा मानलाच नाही, आणि गरिबांच्या दुःस्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी याखेरीज त्याचा दुसरा हेतू दिसत नाही असे रोखठोक लिहिले. दारे उघडीच असलेल्या डब्यातून माणूस पडतो आणि आपण त्याच्या मागल्या जन्मात डोकावतो, तेव्हा बाबासाहेबांच्या या वाक्याची धार कळते.

कर्मवाद्याचा बचावही ऐकू. चरक कर्मज व्याधी मानतो, बुद्धाच्या यादीत आठवे कारण कर्मच आहे. मान्य. पण आठांपैकी हे कोणते, याचा निर्णय शेजारच्या काकूंना कसा करता येतो? आणि समजा, कर्मच असले, तरी औषध घेणे हेही एक कर्म आहे, ते क्रियमाण, म्हणजे आत्ता घडणारे, आहे, आणि त्याचेही फळ असते. टिळकांनी गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांची एकाच प्रकरणात सांगड घातली ती उगाच नाही.

यापेक्षा जड आक्षेप तितिक्षेचा आहे. दुःख सोसणे ही आपल्याकडे नुसती अगतिकता मानलेली नाही, ते साधकाचे बळ मानले आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण, सुख-दुःख सोसायला सांगितले आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तर तितिक्षा म्हणजे प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सर्व दुःखे सोसणे, अशीच व्याख्या आहे. हे वाचून कोणी म्हणेल, मग दुखऱ्या हाताने गप्प बसायचे, हेच शास्त्र. मला दोन गोष्टी दिसतात. एक, गीतेतल्या त्या उपदेशाला कारण जोडलेले आहे: हे स्पर्श येतात आणि जातात म्हणून सोसावेत. वर्ष उलटले तरी न जाणाऱ्या कळेला तेच कारण जसेच्या तसे लावता येत नाही. अखेर सगळेच अनित्य आहे असे म्हणता येईल, पण मग भूकही अनित्य आहे आणि तरी आपण जेवतो. दोन, विवेकचूडामणीतली तितिक्षा ही मोक्षाची इच्छा धरून निघालेल्याने स्वतःहून स्वीकारायची संपत्ती आहे. एकादशी आपण स्वतः धरायची असते, दुसऱ्याच्या पुढ्यातले ताट ओढून घेऊन त्याच्या नावावर उपास लिहायचा नसतो. एखादी वृद्धा स्वतःविषयी, माझे भोग आहेत, असे म्हणते तेव्हा त्यात आधार असतो, कधीकधी पांडुरंगाशी केलेली खास सलगीही असते. तिथे कोणी तर्क घेऊन जाऊ नये. तेच वाक्य मुलगा आईला ऐकवतो आणि केसपेपर काढायला जायचे टाळतो, तेव्हा शब्द तेच राहतात आणि अर्थ पार फिरतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात मूढ आग्रहाने स्वतःच्या शरीराला पीडा देऊन केलेले तप तामस म्हटले आहे. स्वतःच्या शरीराबाबत ही गत, तर दुसऱ्याच्या शरीरावर तप लादणाऱ्याला काय म्हणावे?

सोसणे आणि उपाय करणे यांत वैर नाही याचे आपल्या डोळ्यांपुढचे उदाहरण बाबा आमट्यांचे. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे ते वर्षानुवर्षे बसू शकत नव्हते, उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे. १९८५ साली कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो यात्रेत ते वाहनातल्या बिछान्यावर पडून गेले. त्यांनी दुखणे लपवले नाही. यात्रेची आखणीच त्या कण्याला धरून झाली. आणि हाच माणूस ज्यांच्यासाठी आनंदवन उभारून बसला त्या कुष्ठरुग्णांची अडचण नेमकी उलटी होती: त्यांच्या हातापायांना दुखतच नव्हते, म्हणून चटका कळत नसे, जखम कळत नसे आणि बोटे झडत. वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर काम करताना हे सविस्तर दाखवून दिले. वेदना ही राखण आहे. ती नसेल तर अवयव जातो. पण धोका टळल्यावरही ती अखंड वाजत राहिली तर अवयव असून नसल्यासारखा होतो.

आता सर्वांत नाजूक आक्षेप. तो डॉक्टरांकडूनही येतो आणि अध्यात्माकडूनही: दुखण्यावर विश्वास ठेवला, त्याला महत्त्व दिले, की ते वाढते. बुद्धाच्या दोन बाणांच्या दृष्टान्ताचा आधार इथे हमखास दिला जातो. पहिला बाण शरीराचा, दुसरा मनाचा. शहाणा माणूस दुसरा बाण लावून घेत नाही. यात तथ्य आहे. भीतीने हात हलवायचाच नाही असे ठरवले तर हात आखडतो आणि दुखणे वाढते, हे आजचे वैद्यकही सांगते. पण दृष्टान्तात पहिला बाण खराच लागलेला आहे, तो कोणी नाकारलेला नाही. मनाचे आहे असे ऐकवणारा माणूस पहिला बाण नाकारतो आणि दुसरा स्वतःच्या हाताने मारतो. शिवाय आपल्याकडे, तेही खुद्द ठाण्यात, मनाचे आहे या शब्दांवर १९०१ पासून उभ्या असलेल्या मनोरुग्णालयाची सावली आहे. ठाण्याला पाठवा, ही थट्टा अख्ख्या मुंबईला पाठ आहे. म्हणून ते वाक्य ऐकले की बाई डॉक्टर बदलत नाही, डॉक्टरकडे जाणेच सोडते. मन आणि शरीर यांची फारकत मुळात किती कच्ची आहे ते याच आजारात दिसते. सीआरपीएसच्या बऱ्याच रुग्णांना हा हात आपला नाहीच असे वाटू लागते. डोळे मिटले तर तो कुठे आहे ते सांगता येत नाही. काहींना तो कापून टाकावासा वाटतो. (कापूनही कळ जाईलच याची हमी नसते, नसलेल्या हातात ती उरू शकते.) एखादा अर्धवट वेदान्ती म्हणेल, मी देह नाही हे तर याला आपोआप उमगले. पण वैराग्यात देहावरची पकड सुटते, इथे देहाची पकड घट्ट होते. नकोसा झालेला हात दिवसाच्या प्रत्येक क्षणाचा मालक होऊन बसतो. आत्मज्ञान आणि हा दुरावा यांची गल्लत करणे म्हणजे बेशुद्धीला समाधी म्हणणे. आणि गंमत पाहा, यावरच्या एका उपचारात चक्क साधा आरसा वापरतात. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात, तुटलेल्या हाताच्या जागी दुखणाऱ्यांसाठी ही युक्ती काढली, पुढे ती सीआरपीएससाठीही वापरात आली. चांगला हात आरशासमोर हलवायचा, दुखरा मागे ठेवायचा, आणि आरशातले प्रतिबिंब हाच दुखरा हात असे पाहायचे. हे खरे नाही हे रुग्णाला पक्के ठाऊक असते, तरी काहींची कळ उतरते. दोरी आहे हे कळले की साप नाहीसा होतो, हे वेदान्ताचे आवडते उदाहरण. इथे दोरी ठाऊक असूनही सापच औषधाला येतो. सगळ्यांना याचा गुण येत नाही. ज्यांना येतो त्यांच्याबाबतीत मन ही आजाराची पळवाट राहत नाही, उपचाराची वाट होते.

मग करायचे काय, हे बोलल्याशिवाय हा वाद पोकळ राहील. प्लास्टरच्या आत हात असह्य ठणकत असेल, बोटे बधिर किंवा काळीनिळी पडत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे; ती वेळ तत्त्वचिंतनाची नाही. प्लास्टर निघाल्यानंतर काही आठवड्यांनीही कळ उतरण्याऐवजी चढत असेल, पंख्याचा वारा सोसवत नसेल, दोन हातांच्या रंगात किंवा उष्णतेत फरक दिसत असेल, तर तीन महिने पूर्ण व्हायची वाट पाहू नये, कारण उपचार जितके लवकर सुरू होतील तितका गुण येण्याची शक्यता जास्त. उपचाराचा कणा म्हणजे फिजिओथेरपी: हळूहळू, रोज, हात वापरात आणणे. त्याला जोडून मज्जातंतूंच्या दुखण्याची औषधे, आणि काहींना मज्जातंतूंचे ब्लॉक. गळ्यात हात अडकवून ठेवणे आणि वर हाडवैद्याकडून ओढून घेणे ही दोन्ही नुकसानीची कामे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय इथून सुरुवात करता येते. वेदनेवरचे खास उपचार बहुधा भूलतज्ज्ञ करतात, त्यामुळे पुढची चिठ्ठी अनेकदा मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांकडे जाते. पुनर्वसनासाठी हाजी अलीची केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. म्हणजे ज्या लोकलने दुखापत झाली तिच्यातच, दुखरा हात छातीशी धरून, गर्दीत चढायचे. अपंगांच्या डब्यात गेले तर प्रमाणपत्र विचारतात, आणि हात तर दिसायला धडधाकट. उपचारांची बैठक आठवड्याला एकदा असेल तर घरच्यांपैकी कोणीतरी सोबत जाणे ही मेहेरबानी नाही, उपचाराचाच भाग आहे.

शेवटचा आक्षेप गर्दीचा. पालिकेच्या ओपीडीत डॉक्टरला एका रुग्णामागे दोन-तीन मिनिटे मिळतात, त्यात न्यायदर्शन कुठे बसवायचे? पण बुडापेस्टच्या निकषांत काय आहे ते पाहा. स्पर्श सोसवतो का. रंग किंवा तापमान बदलते का. सूज किंवा घाम आहे का. हालचाल, नखे, केस यांत फरक पडला का. हे चार प्रश्न विचारायचे आणि दोन्ही हात शेजारी ठेवून बघायचे, हात लावून पाहायचे. निकषांच्या रीतीने चारांपैकी किमान तीन बाबतींत रुग्णाची तक्रार हवी आणि किमान दोन बाबतींत डॉक्टरला खूण दिसायला हवी. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. रुग्णाने ही चार उत्तरे, कधीपासून आणि काय काय अडले यासह, घरूनच कागदावर लिहून नेली, रंग पालटलेल्या हाताचे फोटो मोबाइलमध्ये तारखेसह ठेवले, तर वेळ आणखी वाचतो. आणि उद्या न्यायाधिकरणापुढे उभे राहायची पाळी आली तर तोच केसपेपर, त्यावर डॉक्टरने त्याच दिवशी नोंदलेल्या रुग्णाच्या शब्दांसह, वैद्यकीय पुरावा म्हणून मांडता येतो.